बिनजागरणाची कॉफी

रात्रीं साडेनऊची कॉफी हा आमच्या घरचा सत्तावीस वर्षांचा नेम. मुलें निजलीं, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मीं बाजूला सारला, कीं सौभाग्यवती जायफळ घातलेली कॉफी घेऊन येई आणि आम्ही दोघें अर्धा तास बोलत बसूं. मुलांच्या शाळा, घराचें कर्ज, माझी हुकलेली बढती, साऱ्यांचा निकाल त्या पेल्याबरोबर लागे.

गेल्या वर्षीं तिला निद्रानाश जडला, छाती धडधडूं लागली, आणि डॉक्टरांनीं प्रथम कॉफीच बंद केली. मला कोणी मना केलें नव्हतें. मी एकटा पीत राहिलों. ती रिकाम्या हातांनीं समोर बसे. आठवड्यानें बसेनाशी झाली. कॉफीपाठोपाठ बोलणेंहि थांबलें.

"बाबा, कॅफीन काढलेली कॉफी मिळते कीं," कन्येनें सुचविलें. मला हंसूं आलें. पगार काढून घेतलेली नोकरी आणि ही कॉफी यांत मला फारसा फरक दिसेना! दुकानांतून आणलेल्या पहिल्या बाटलींतील भुकटीनें माझें मत पक्कें केलें. तिला ओल्या पुठ्ठ्याची चव होती.

मग प्राध्यापक करतात तें मीं केलें, पुस्तकें उघडलीं. या प्रकरणाचा आरंभ एका कवीच्या कुतूहलांतून झाला हें वाचून बरें वाटलें. जर्मन कविश्रेष्ठ गटे यानें रुंगे नांवाच्या तरुण रसायनज्ञाला कॉफीचे दाणे दिले, आणि १८१९ च्या सुमारास रुंगेनें त्यांतून कॅफीन वेगळें केलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रेमेनच्या रोझेलिअसनें कच्चे दाणे वाफवून बेंझीननें कॅफीन काढण्याची रीत बसविली. बेंझीन विषारी, ती रीत केव्हांच मागें पडली. आज कोणी पाणी व कोळसा वापरतात, कोणी मोठ्या दाबाखालील कार्बन डायऑक्साइड, तर कोणी दुसरीं द्रावकें. रीत कोणतीहि असो, दाणा भाजण्यापूर्वींच तींतून जातो. अशा सोसलेल्या दाण्याला भाजतांना जपावें लागतें, आणि भाजल्यावर तो लवकर शिळा होतो.

यावरून खरेदीचे नियम मला उमगले. पूड न घेता दाणे घ्यावे. पाकिटावर रीत आणि भाजल्याची तारीख दोन्ही असावीं. फार काळे भाजलेले दाणे टाळावे, आणि महिन्याला पुरतील इतकेच आणावे. कॅफीन मुळींच नसतें असें मात्र नाहीं. साध्या पेल्यांत शंभराच्या आसपास मिलिग्रॅम असेल, तर येथें थोडेंसें उरतेंच. म्हणून डॉक्टरांचा रुकार आधीं घेतला.

पूर्वीं आम्ही पूड दुधांतच उकळीत असूं. या कॉफीला तें सोसेना. आतां दोघांपुरती पूड ऐन वेळीं दळतों, फिल्टरमध्यें हलकेच दाबतों, उकळून क्षणभर निवालेलें पाणी ओततों आणि झांकण लावून वीस मिनिटें वाट पाहतों. खालीं उतरलेला अर्क ऊन दुधांत घालावयाचा आणि वर चिमूटभर जायफळ. पहिल्या रात्रीं ती पेला घेऊन समोर येऊन बसली.

एके रात्रीं पूड कमी पडली. मीं नेहमीच्या डब्यांतले दोन चमचे मिसळले आणि बोललों नाहीं. "आज फार छान झाली हो," ती म्हणाली. तें कौतुक मीं घेतलेंहि. दोन वाजतां मला जाग आली, तों ती खिडकीशीं बसलेली.

"अहो, आजची कॉफी ती नव्हती, नाहीं का?"

तिच्या स्वरांत राग असता तर बरें झालें असतें. मीं कबुली दिली.

"सांगायचें होतेंत. मीं घोटभरच घेतली असती."

सकाळीं नेहमीच्या कॉफीचा डबा मीं शेजारच्या बिऱ्हाडीं देऊन टाकला. आतां दोघांचेहि पेले एकाच फिल्टरमधून भरतात. पूड संपलीच, तर त्या रात्रीं नुसतें जायफळ घातलेलें दूध घेतों. आणि तसें तिला आधीं सांगतों.