गोदीचं शहर

मुंबई म्हटलं की लोकल आणि सिनेमा आठवतो. गोदी मात्र मुंबईकरांनाही आठवत नाही, याची खंत वाटते.

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली. काय टिकाऊ काम ते! १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या गोदीत तरंगतं आहे. १८४२ चा नानकिंगचा तह ज्यावर झाला, ते ‘कॉर्नवॉलिस’ही मुंबईचंच.

परंपरा खंडली नाही. लाकडाची जागा पोलादाने घेतली आणि माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली.

गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसाल तेव्हा मुलांना उत्तरेकडची नौदलाची गोदी जरूर दाखवा.