खाऱ्या मुलखातलं ऑर्किड

दर्यापूरच्या बोअरचं पाणी जिभेवर घेतलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा; अमरावती, अकोला, बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. हे पाणी शेताला दिलं तर काळी जमीन चोपण होते, म्हणून इथला शेतकरी विहीर भरलेली असूनही आभाळाकडे बघतो. अशा गावात ऑर्किडची कुंडी ठेवायची म्हणजे हौसच.

ऑर्किड मुळात फांदीवर, पावसाच्या पाण्यावर वाढणारं. मेळघाटात आंब्याच्या खोडाला वांडा असाच बिलगून असतो. त्याच्या मुळांवर एक पांढुरकं, पाणी शोषणारं आवरण असतं. ओलं असताना हिरवं, वाळलं की चंदेरी. मुळं चंदेरी दिसल्याशिवाय झारी उचलू नये. दिवस मोजून पाणी घालणारे मला पटत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की रोज द्यावं लागतं, झडीत कित्येक दिवस नाही. द्यायचं ते सकाळी. फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर टिपून घ्यायचा, नाहीतर गाभा कुजतो.

खताची गोष्ट नाजूक. १९:१९:१९ कृषी केंद्रात सहज मिळतं. पिकावर फवारताना लिटरला पाच ग्रॅम घेतात. ऑर्किडला मी अर्धा ग्रॅम घेतो. दुकानदार हसतो, "भाऊ, एवढ्यानं काय होते?" होतं ते एवढंच की मुळं वाचतात. खत म्हणजेही क्षारच. कोरड्या मुळावर पडलं तर त्यातलंच पाणी ओढून घेतं, टोकं काळी पडतात. म्हणून आधी नुसतं पाणी, मग खत. शिवाय कुंडीतल्या कोळशात आणि नारळाच्या सोडणात उरलेले क्षार महिन्यातून एकदा भरपूर पाण्यानं धुवून काढायचे.

पण धुवायचं कशानं? बोअरच्या पाण्यानं धुतलं तर कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, तोच जो उन्हाळ्यात शेतात फुलून येतो. उकळून क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. उपाय एकच: पन्हाळीखाली झाकणाचा ड्रम. पहिला पाऊस छपराची धूळ आणतो, तो सोडून द्यायचा, नंतरचा साठवायचा.

उन्हाळ्यात ड्रम आटला की मी आरओचा कॅन आणतो. आईला ते बघवत नाही. "आमाले नयाचं पानी अन् तुह्या झाडाले क्यानचं!" असं म्हणते, आणि कॅनमधला एक पेला आधी स्वतःसाठी भरून घेते.