एकच रूळ, तीन गाड्या

दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. मुंबई-पुण्याची गाडी साडेपाच फुटी, माथेरानची दोन फुटी, हे आपल्याला ठाऊक आहे. पण छोटी आगगाडी करायची म्हटली, की खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्शाने ती करायची हा प्रश्न वेगळा उभा राहतो. आणि इथेच भले भले फसतात.

कॅलिफोर्नियात मुलीकडे राहिलो, तेव्हा शेजारचे निवृत्त गृहस्थ नातवासाठी परसात डिस्नेलँडसारखी आगगाडी बसवीत होते. रूळ 45 मिलिमीटरचे. डबे दोन ठिकाणांहून आणलेले. जोडले तर एक ताडमाड, दुसरा खुजा. चाके मात्र दोन्हींची रुळांवर बिनचूक बसत! कारण 45 मिलिमीटर हा अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेच्या गेजचा 32 वा हिस्सा, मीटरगेजचा सुमारे 22 वा आणि तीन फुटी गेजचा सुमारे 20 वा. डिस्नेलँडची गाडी तीन फुटी, तेव्हा त्यांना 20 वा हिस्साच धरायला हवा होता.

नातवाला मात्र बसायची गाडी हवी होती. वॉल्ट डिस्ने यांनी 1950 साली घराच्या आवारात तशी चालवली होती. आठवा हिस्सा, रूळ सव्वासात इंची, इंजिन खऱ्या वाफेचे. 1953 साली ती रुळांवरून घसरली, वाफेने एक लहान मुलगी भाजली, आणि त्यांनी गाडी बंद केली. सुनेने हे ऐकले आणि बसायच्या गाडीचा विषय तिथेच मिटला. मला तिचेच पटले.

मला विचारले ते झाडांबद्दल. विसाव्या हिश्शात सहा फुटी माणूस साडेतीन इंचांचा होतो. त्याच्यापुढे दोन इंचांचे पान म्हणजे सव्वातीन फुटांहून मोठे, जणू केळीचेच! म्हणून पान बारीक हवे. जमिनीलगत थाइम लावा म्हटले. आपल्या तुळशीच्या कुळातले, कात्री सोसणारे. झाडांच्या जागी बुटका स्प्रूस, वर्षाला दोन-चार इंचच वाढणारा. रुळांखाली मात्र खडीच. माती टाकली की पहिल्या पावसात रूळ खचलाच. समपातळी बांध घालणाऱ्याला हे सांगायला नको.

एक रूळ दुसऱ्यावरून नेणारा पूलही त्यांच्या मनात होता. दहा इंच चढायला, शेकडा दोनच्या चढाने, जवळजवळ 42 फूट लागतात, आणि उतरायला तितकेच. परसात तेवढी जागा नव्हती. पूल रद्द झाला, नातू दोन दिवस रुसून बसला.