हरण्याचा पगार

पेठला नोकरीनिमित्त येऊन मला पंधरा वर्षे होत आली. एवढ्या काळात या गावात टेनिसचे कोर्ट काही माझ्या पाहण्यात आले नाही. ही तक्रार नव्हे. इथे आषाढ लागला की सपाट जमिनीच्या तुकड्यावर भात लागतो आणि उतारावर नागली नि वरई. २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद एवढी सपाट जागा नुसता चेंडू मारण्यासाठी राखून ठेवायची, ही कल्पना इथल्या शेतकऱ्याला सांगितली तर तो माझ्याकडे सहानुभूतीने पाहील. आणि तरीही गेल्या श्रावणात माझ्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत टेनिसचे कोर्ट अवतरले. बाहेर पाऊस कोसळत होता, दाराशी तीन छत्र्या निथळत होत्या आणि खोलीच्या मधोमध माझा भाचा डोळ्यांवर एक पांढरा खोका बांधून हवेत हात फिरवीत होता.

भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. तो येतो तेव्हा बाकरवडीच्या पुड्याबरोबर एखादे नवे यंत्रही आणतो. या खेपेच्या यंत्राला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. आम्ही मराठीचे मास्तर तिला 'आभासी वास्तव' म्हणतो. म्हणजे एकमेकांशी न पटणारे दोन शब्द एका बिऱ्हाडात राहायला घालतो आणि त्यांचे भांडण ऐकत बसतो. खोक्याचे वजन सुमारे अर्धा किलो. आत दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे जवळचे जवळ आणि दूरचे दूर भासते. मान वळवावी तिकडे चित्रही वळते. हातात धरायच्या दोन मुठी असतात. त्यांतली एक आपली रॅकेट.

"मामा, एकदा बघा तर खरं!" भाच्याने आग्रह केला.

मी पाहिले. पलंग, पुस्तकांचे कपाट, कोपऱ्यातले तांदळाचे पोते सारे क्षणात नाहीसे झाले. समोर स्वच्छ ऊन, पांढऱ्या रेघा, ताणलेले जाळे आणि जाळ्यापलीकडे एक निर्विकार चेहऱ्याचा खेळाडू. त्याने सर्व्हिस केली. पहिले चार चेंडू माझ्या शेजारून निघून गेले. पाचवा मी जोरात कपाटावर मारला. म्हणजे चेंडू नव्हे, मूठ. माझी बोटे सोलपटली. भाच्याने घाईघाईने खोका काढून घेतला, आत काही तरी खटपट केली आणि पुन्हा माझ्या डोळ्यांवर चढवला. आणि काय सांगू! माझा प्रत्येक फटका जाळ्यावरून जाऊ लागला. मला वाटले, तरुणपणीचा हात परत आला. मी तो सेट सहा-दोन असा जिंकला.

आत मला जे दिसत होते ते बाहेर भाच्याच्या मोबाईलवरही दिसत होते, आणि तो मोबाईल पलंगावर बसलेल्या अण्णांच्या हातात होता. मी विजयी मुद्रेने खोका काढला तेव्हा अण्णा चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते.

"सहा-दोन?" ते म्हणाले. "अरे, तो सोडतोय तुला."

अण्णांचा या बाबतीतला अधिकार सांगायला हवा. माझे वडील मार्कर होते. नाशिकच्या एका क्लबात त्यांनी तीस वर्षे नोकरी केली. मार्कर म्हणजे काय हे आता फारसे कोणाला माहीत नसते. ज्या सभासदाला जोडीदार मिळाला नसेल त्याच्याबरोबर मार्करने खेळायचे. त्याशिवाय पहाटे कोर्टावर रोलर फिरवायचा, पाणी मारायचे, चुन्याच्या रेघा आखायच्या, रॅकेटांना गटिंग करून द्यायचे. पण ही झाली अंगमेहनत. मार्करचे खरे काम नाजूक असते. समोरचे डॉक्टर गुडघ्याने अधू असतील तर चेंडू त्यांच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर टाकायचा. वकीलसाहेब कोर्टात खटला हरून या कोर्टावर आले असतील तर त्यांना इथे तरी जिंकू द्यायचे. तेही असे, की शेवटच्या गेमपर्यंत त्यांना वाटावे, आज मार्कर भारी पडतोय. सोडलेला पॉइंट सभासदाच्या लक्षात आला की मार्कर संपला. अण्णा गमतीने म्हणत, "मला पगार हरण्याचा मिळतो. जिंकायचं ते फुकट."

म्हणून अण्णांनी 'सोडतोय' म्हटल्याबरोबर भाचा चपापला आणि त्याने कबुली दिली. मला त्याने सोप्या पातळीवर ठेवले होते. या पातळीवर फटका थोडा लवकर बसला, थोडा उशिरा बसला, रॅकेटचे तोंड थोडे चुकले, तरी यंत्र सांभाळून घेते आणि चेंडू रेघेच्या आत नेऊन टाकते.

"म्हणजे मार्करच की," अण्णा म्हणाले.

मग भाच्याने आम्हाला या खेळाची अडचण समजावून सांगितली, आणि मला ती एखाद्या चांगल्या कथेसारखी वाटली. खरा चेंडू रॅकेटच्या तारांना टेकून राहतो तो जेमतेम पाच सहस्रांश सेकंद. हे यंत्र सेकंदाला साधारण ९० चित्रे दाखवते. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत अकरा सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्यात चेंडू आणि रॅकेट यांची भेट होऊन, निरोपही घेऊन झालेला असतो. ताशी १०० किलोमीटरने येणारा चेंडू दोन चित्रांच्या दरम्यान सुमारे ३१ सेंटिमीटर पुढे सरकतो. तेव्हा चेंडू रॅकेटला लागला की नाही हे चित्रावरून कळायचे नाही. ते गणिताने ठरवावे लागते. आणि ठरवायचेच आहे, तर थोडे उदार मनाने ठरवायला काय हरकत आहे? सोपी पातळी म्हणजे उदार गणित, कठीण पातळी म्हणजे कंजूष गणित.

दुसरी अडचण वजनाची. खरी रॅकेट असते तीनशे ग्रॅमच्या आसपास. ही मूठ तिच्या निम्म्यानेही भरत नाही. खरा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो आणि तो लागला की त्याची बातमी मनगटातून खांद्यापर्यंत पोचते. कडेला लागला की रॅकेट हातात फिरते. इथे मूठ नुसती थरथरते. जणू कोणी दुसऱ्या गावाहून तार केली, की चेंडू पोचला. तिसरी अडचण पायांची. खेळायला साधारण दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते आणि त्याबाहेर पाऊल टाकावे तर माझ्या बोटांची गत होते. म्हणून आमच्या खेळात यंत्रच आपल्याला उचलून चेंडूपाशी नेत होते. अण्णांनी इथे कपाळाला हात लावला. टेनिस हाताने खेळतात ही पाहणाऱ्यांची समजूत, खेळणारा ते पायांनी खेळतो, हे त्यांचे आयुष्यभराचे सांगणे. भाचा म्हणाला की टेबल टेनिस या यंत्रावर फार हुबेहूब वठते. 'इलेव्हन टेबल टेनिस' नावाचा खेळ तर त्याबद्दल नावाजलेला आहे. ते पटण्यासारखे आहे. तिथे चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा, टेबल २.७४ मीटरचे, आणि धावण्याचे काम बेताचे. ज्या खेळात मुळातच भार कमी, त्याची नक्कल सोपी.

नकलेची ही हौस जुनी आहे. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने, पाहुण्यांची करमणूक व्हावी म्हणून एका वाटोळ्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ तयार केला. एक आडवी रेघ म्हणजे जमीन, मध्ये एक बारीक उभी रेघ म्हणजे जाळे, आणि उड्या मारणारा प्रकाशाचा एक ठिपका. हातात एक बटन आणि एक फिरवायची कळ. चेंडू आपल्या बाजूला असताना बटन दाबले की फटका बसणारच. तिथे जाऊन पोचण्याची कटकट नाही. पुढच्या वर्षी त्यात चंद्रावरच्या आणि गुरू ग्रहावरच्या गुरुत्वाकर्षणात खेळण्याचीही सोय केली होती म्हणे. माणसाने चंद्रावर पाय ठेवला १९६९ साली. टेनिस त्याने तिथे दहा वर्षे आधीच खेळून घेतले!

हे सारे ऐकून अण्णा म्हणाले, "मला दे. आणि कठीणवर लाव."

अण्णांचे वय चौऱ्याहत्तर. उजवा खांदा कानाच्या वर जात नाही. भाच्याने पोते ओसरीवर नेले, मी पलंग भिंतीला लावला. पहिले आठ-दहा चेंडू अण्णांनी मारलेच नाहीत. नुसते पाहिले. मग त्यांचा हात हलू लागला. मोठा नव्हे, कोपरापासून खाली. आणि ओल्या फरशीवरची ती पावले! यंत्र त्यांना नेऊन पोचवीत होते तरी ती सवयीने बाजूला सरकत होती. ते सहा-एक असे हरले. खोका काढून त्यांनी घाम पुसला.

"टप्पा खरा आहे," ते म्हणाले. "चेंडू खरा उसळतो. पण त्या पलीकडच्याला समोरचा माणूस दिसत नाही. माझा खांदा दुखतोय हे त्याला एकदाही कळलं नाही. कळलं असतं तर तिथंच मारलं असतं, नाही तर तिथं मारायचं टाळलं असतं. त्यानं दोन्ही केलं नाही."

त्या क्षणी माझ्या तोंडून तो प्रश्न निघाला. पंचवीसहून अधिक वर्षे मी तो गिळून बसलो होतो.

१९९७ चा उन्हाळा. आदल्या वर्षी लिअँडर पेसने अटलांटाला ऑलिंपिकचे ब्राँझपदक मिळवले होते आणि क्लबातल्या साऱ्या मुलांच्या हातांत नव्या रॅकेटा आल्या होत्या. माझी बारावी झाली होती. मला मराठी घेऊन बी.ए. करायचे होते, अण्णांनी सातपूरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून माझ्यासाठी शब्द टाकला होता. घरात आठ दिवस धुसफूस चालली. शेवटी अण्णा म्हणाले, "चल, एक सेट खेळू. जिंकलास तर कॉलेज." दुपारी चार वाजता, सभासद यायच्या आधी, आम्ही खेळलो. तोवर मी अण्णांकडून एकही सेट घेतला नव्हता. तो मात्र मी सहा-चार असा जिंकला. पुढे एम.ए., नोकरी, पेठ, वर्गातली मुले, सारे त्या सेटच्या पाठीवर उभे राहिले. मनाने खचलो की मी स्वतःला सांगत असे: अण्णांना हरवलेला माणूस आहेस तू.

"अण्णा, तो सेट तुम्ही सोडला होता का?"

अण्णांनी खोक्याचा पट्टा नीट गुंडाळला. चार-चारपर्यंत आठवते, म्हणाले.

"मग?"

"मग घड्याळ पाहिलं. पाच वाजत आले होते. साहेब यायचे होते, कोर्टाला पाणी मारायचं राहिलं होतं. म्हटलं, आटपावं."

भाचा खो खो हसला. मीही हसलो, पण हसता हसता मनातल्या मनात ते दोन गेम मी पुन्हा खेळू लागलो. शेवटच्या पॉइंटला अण्णा जाळ्यावर आले होते आणि मी चेंडू त्यांच्या डोक्यावरून उचलला होता. तो उंच गेला होता, मागच्या रेघेच्या आत पडला होता. रेघ चुन्याची होती, अण्णांनीच सकाळी आखलेली. अण्णा वळले होते, धावलेही होते. खरेच धावले होते? आणि आताचे हे पाण्याचे उत्तर. ते खरे, की मुलाला फार जड जाऊ नये, फार हलकेही वाटू नये, म्हणून दोन पावलांवर टाकलेला चेंडू? मला ठरवता येईना. ज्यांना ठरवता आले असते, ते क्लबातले सभासद तीस वर्षांत कधी ओळखू शकले नाहीत, तिथे माझी काय कथा!

तेवढ्यात वीज गेली. पेठला पावसात ती जातेच. पण खोका बॅटरीवर चालणारा. त्याच्या आत ऊन तसेच लख्ख असणार.

"आता तू लाव," अंधारातून अण्णांचा आवाज आला. "पण कठीणवर."