न दिसणारा मांजा

उज्जैन म्हटलं की आम्हां गोवेकरांना महाकाल आठवतो, क्षिप्रा आठवते. पण या नगरीशी आमच्या बाजूचं आणखी एक नातं आहे. महाकालाचं आजचं मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. शिंद्यांच्या दौलतीत शेणवी मंडळींचा राबता मोठा. त्या काळात आणि नंतरही कितीतरी मराठी घरं माळव्यात गेली नि तिथलीच होऊन राहिली. माझी एक आतेबहीण लग्न होऊन अशाच घरात पडली. तिच्या मुलाच्या मराठीला माळवी वळण आहे, ऐकायला गोड वाटतं. दहावीची परीक्षा आटोपल्यावर त्याचा फोन आला, "मामा, रिमोटचं विमान उडवायचंय. रिमोट कोणता घेऊ?"

एके काळी मीही या छंदाच्या नादी लागलो होतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे. वडिलांचं म्हणणं, विमानासकट डब्यात मिळतो तो स्वस्तातला संच घे. मुलाने दिवाळीचे, वाढदिवसाचे पैसे साठवलेले. म्हणजे चुकलं तर दुसऱ्यांदा घ्यायला हातात काही नाही.

मी म्हटलं, विमानाचं नंतर बघू. शिकणाऱ्याचं विमान पडणारच. थर्माकोलचं असतं, चिकटवायचं, पुन्हा उडवायचं, शेवटी टाकून द्यायचं. हातात उरतो तो रेडिओ. (या छंदातली माणसं रिमोटला रेडिओ म्हणतात.) डब्यातल्या संचाचा रेडिओ बहुधा त्याच विमानापुरता, विमान गेलं की तोही गेला. वेगळा घेतलेला चांगला रेडिओ मात्र वर्षानुवर्षं एकामागून एक विमानं सांभाळतो.

त्याला हे पटावं म्हणून मी पतंगाचा दाखला दिला. संक्रांतीला उज्जैनच्या गच्च्या पतंगबाजांनी भरतात. पतंग वर काय करतोय ते मांजा बोटाला सांगत असतो. वारा पडला, ढील हवी, खेच हवी, सगळं बोटाला कळतं. रेडिओ हाही मांजाच, पण न दिसणारा, आणि बोटाला ओढ न देणारा. तुझा हुकूम वर जातो, वरून मात्र काही जाणवत नाही, फक्त डोळ्यांनी बघायचं. म्हणून हा मांजा पक्का हवा.

पक्का म्हणजे कसा? पूर्वी 35 किंवा 72 मेगाहर्ट्झचे रेडिओ असत, आत क्रिस्टल. मैदानावर दोघांचा क्रिस्टल एकाच लहरीचा निघाला की विमान खाली! त्यासाठी कपड्यांच्या चिमट्यांवर लहरीचा क्रमांक लिहून ठेवत, आणि तो चिमटा ज्याच्याकडे, त्यानेच रेडिओ चालू करायचा. आता 2.4 गिगाहर्ट्झ आलं. रेडिओ आणि विमानातला रिसीव्हर एकदा जोडून दिले की ते एकमेकांनाच ओळखतात. म्हणून कोणी जुना क्रिस्टलवाला स्वस्तात देऊ केला तरी नवशिक्याने घेऊ नये.

मग चॅनेल. विमानाला चार पुरतात: मोटरची गती, शेपटीचं सुकाणू, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, पंख कलवणारे एलेरॉन. सहाचा घ्यावा, पुढे उपयोगी पडतो. फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय-सिक्स हा सहा चॅनेलचा आहे, 20 विमानांची मांडणी लक्षात ठेवतो, साध्या पेन्सिल सेलवर चालतो. रेडिओमास्टरचे महाग रेडिओ जास्त काही करतात, पण त्यांतले मेनू समजून घेण्यातच नवशिक्याचे आठवडे जातात. संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद होईल अशी फेलसेफची सोय मात्र हवीच, आणि उडवण्याआधी जमिनीवरच ती तपासून घ्यायची.

एवढं सांगून मी त्यालाच विचारलं, "तुला शिकवणार कोण?"

फोनवर शांतता. मी म्हटलं, रेडिओ कोणता हा प्रश्न या प्रश्नाच्या मागून येतो. मोटरची गती डाव्या हाताला असेल तर तो मोड दोन, उजव्या हाताला असेल तर मोड एक. दोन्ही बरोबरच, पण बोटांना एकदा लागलेली सवय सुटत नाही. शिकवणाऱ्याचा मोड एक आणि तुझा दोन असेल, तर ऐन वेळी तुझा रेडिओ हातात घेऊन विमान वाचवणं त्याला जमायचं नाही. शिवाय दोन रेडिओ केबलने जोडता येतात. गुरूने आपल्या रेडिओवरचा खटका दाबून धरला की विमान शिष्याच्या हाती. शिष्य गडबडला की गुरूने बोट उचलायचं, विमान परत गुरूकडे. ही सोय साधारणपणे एकमेकांशी जुळणाऱ्या रेडिओंतच मिळते. म्हणून आधी माणूस शोध, मग त्याच्याशी जुळणारा रेडिओ घे. ज्या गावात कृष्ण सांदीपनींकडे शिकला असं आपण मानतो, त्या गावातल्या मुलाला हे वेगळं सांगायला नको!

गुरू हवा तो आणखी एका कारणासाठी. 2022 च्या संक्रांतीच्या दिवसांत उज्जैनमध्ये चिनी मांजाने गळा कापून एका तरुणीचा जीव गेला. पतंग उडवणाऱ्याने तिला पाहिलंही नसेल. विमानाच्या पुढे तर फिरता पंखा असतो. गच्चीवरून, घाटावरून, महाकालाच्या आसपास उडवायचं नाही, देवास रस्त्यावरच्या दताना धावपट्टीच्या जवळ नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार लाल, पिवळ्या, हिरव्या भागांचा नकाशा केलेला आहे, तो बघायचा. रेडिओ आधी चालू करायचा, विमान मागून. बंद करताना विमान आधी, रेडिओ शेवटी. हे वळण कागदावरून लागत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून लावावं लागतं.

महिना गेला. मला वाटलं, पोरगं विसरलं. पण तो शोधत होता. शेवटी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असलेल्या एका दादाने त्याला एका निवृत्त मास्तरांकडे नेलं. त्यांनी आधी काँप्युटरवरच्या सिम्युलेटरवर पंधरा दिवस बसवलं. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, ते अंगवळणी पडेपर्यंत मैदान नाही! मग मास्तरांच्याच जातीचा, मोड दोनचा रेडिओ घेतला. विमान अजून मास्तरांचंच, जुनं, दोन ठिकाणी चिकटवलेलं.

परवा बहिणीचा फोन होता. म्हणाली, "अरे, काल मास्तरांनी सबंध फेरीभर बोट उचललं नाही म्हणे. तेवढं सांगायला तो रात्री जेवण सोडून उठला."