टाकीतला जीव: छोट्या टर्बो इंजिनाची गोष्ट

१/ १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइलने ‘जेटफायर’ नावाची मोटार बाजारात आणली. पेट्रोलच्या टाकीशिवाय तिला आणखी एक छोटी टाकी होती. तीत पाणी आणि मेथेनॉल यांचे मिश्रण भरावे लागे. कंपनीने त्याचे नाव ठेवले होते ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा या मोटारीचा सारा जोर त्या टाकीत होता.

२/ असे का, हे समजण्यासाठी १९०५ पर्यंत मागे जावे लागते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने त्या वर्षी एका कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंची ऊर्जा वाया जाते. त्या वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबावी. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून शक्ती जास्त. हाच टर्बोचार्जर.

३/ परंतु हवा दाबली की तापते. वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेलेली हवा थंड न करता सोडली, तर तिचे तापमान सहज १०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा हवेत मिसळलेले पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट पाहत नाही. ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि धातूवर हातोडा बसावा तसा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात.

४/ पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याने या नॉकिंगचा कसून अभ्यास केला. इंजिनातून किती शक्ती काढता येईल, याची मर्यादा बरेचदा इंधनच ठरवते, हे त्यातून स्पष्ट झाले. मर्यादा ओलांडली की पिस्टनचा माथा वितळतो, रिंगांमधल्या कडा तुटतात. पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे हे नॉकिंग सोसण्याची त्याची क्षमता.

५/ जेटफायरच्या ३.५ लिटर इंजिनातून कंपनीने २१५ अश्वशक्ती काढली होती. संपीडन गुणोत्तर १०.२५ इतके चढे, त्यावर टर्बोचा दाब. नॉकिंग टाळण्यासाठी ते मिश्रण आत फवारले जाई. त्याचे बाष्पीभवन होताना हवा थंड होई. टाकी रिकामी झाली तर दाब मर्यादित ठेवणारी झडपही बसवलेली होती.

६/ अभियंत्यांनी जवळजवळ सगळ्याचा विचार केला होता. राहिला होता तो फक्त मालकाचा स्वभाव. लोक टाकी भरायला विसरत. मग गाडीचा जोर जाई आणि तक्रारी येत. दोनच वर्षांत उत्पादन थांबले. पुढे कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. पाणी-मेथेनॉलची युक्ती दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांनी यशस्वीपणे वापरली होती. पण विमानाची टाकी तपासणारे कर्मचारी असत. मोटारीची टाकी मालकाच्या आठवणीवर सोडलेली होती.

७/ स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये ‘९९ टर्बो’ जगासमोर आणली. पेर यिलब्रांड यांच्या चमूने २ लिटरच्या इंजिनातून १४५ अश्वशक्ती काढली. जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी ‘वेस्टगेट’ झडप दाबाला आवर घाली. मात्र सुरक्षिततेसाठी संपीडन गुणोत्तर ७.२ पर्यंत उतरवावे लागले. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत इंजिन काहीसे सुस्त राही.

८/ १९८० च्या दशकाच्या आरंभी साबने पुढचे पाऊल टाकले. इंजिनाच्या ब्लॉकवर एक संवेदक बसवला. तो नॉकिंगची थरथर टिपे आणि विद्युत मंडल त्याच क्षणी टर्बोचा दाब उतरवी. परिणामी संपीडन गुणोत्तर ८.५ पर्यंत वाढवता आले. पेट्रोल हलक्या प्रतीचे मिळाले तरी इंजिन स्वतःला सांभाळून घेई. मालकाने काही आठवण्याची गरज उरली नाही. इंजिनाला कान फुटले होते.

९/ त्याच काळात शर्यतीचे मैदान वेगळ्याच वाटेने चालले होते. १९७७ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनमध्ये १.५ लिटरचे टर्बो इंजिन उतरवले. १९७९ मध्ये दिजाँ येथे त्याने पहिली शर्यत जिंकली. १९८३ चे विश्वविजेतेपद नेल्सन पिके याने बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनावर मिळवले. पात्रता फेरीसाठी तर काही मोजक्या फेऱ्यांपुरतीच इंजिने बांधली जात. तिथे इंजिन जळणे हा हिशेबातलाच खर्च होता. १९८७ मध्ये दाबावर ४ बारची मर्यादा आली, १९८८ मध्ये २.५ बारची, आणि १९८९ पासून टर्बोवर बंदी.

१०/ आज १ लिटरची टर्बो पेट्रोल मोटार भारतातही सहज मिळते. लॅपटॉप जोडून तिच्या संगणकातले आकडे बदलले की अर्ध्या तासात दाब वाढतो. सुरक्षित वाट मात्र जुनीच आहे. आधी इंजिन निरोगी आहे याची खात्री करायची; मग चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल, सक्षम इंटरकूलर, पूर्ण भाराला पुरेसे समृद्ध मिश्रण आणि जपून ठेवलेली ठिणगीची वेळ. दाब वाढवायचा तो सर्वांत शेवटी, थोडाथोडा, प्रत्येक टप्प्यावर नोंदी तपासत. क्लच आणि गिअरबॉक्स किती बल पेलतील, हेही आधीच पाहायचे.

११/ काही जण मात्र नॉक संवेदकाची संवेदनशीलताच कमी करतात. आकडे सुंदर दिसतात, कारण ऐकणारा बहिरा केलेला असतो. शिवाय छोट्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जास्त भार दिला, तर ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटू शकते. एखाद्या तशा स्फोटातच पिस्टन फुटतो आणि संवेदकाला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून उंच गिअरमध्ये इंजिन गुरगुरत असताना पाय दाबून धरू नये.

१२/ कारखान्याने ठेवलेली राखीव मर्यादा अनेकांना वाया गेलेली शक्ती वाटते. वस्तुतः ती उन्हाळ्यातील घाटासाठी, आडगावच्या पेट्रोलसाठी आणि मालकाच्या विसरभोळेपणासाठी ठेवलेली असते. तिच्यातला वाटा ज्याला काढायचा असेल, त्याने ही तिन्ही कामे स्वतःकडे घ्यावी लागतात. जेटफायरच्या मालकांना एक टाकी भरण्याचे एवढेसे काम होते, आणि तेही त्यांच्याने झाले नव्हते.