आधी हात, मग स्क्रू ड्रायव्हर

‘पंखा थांबतच नाही, जरा साफ करून द्या,’ असं म्हणत लोक लॅपटॉप काउंटरवर ठेवतात. तक्रार आणि इलाज, दोन्ही एकाच वाक्यात सांगून झालेले असतात. सोलापुरात ते साहजिकही आहे. टॉवेल आणि चादरींचं हे गाव. यंत्रमागांच्या आसपास हवेत सुताचं तूस तरंगत असतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्यामुळे पंखा घोंघावू लागला की पहिला आळ धुळीवर येतो. पुष्कळदा तो खराही ठरतो. तरी मी मागचं झाकण लगेच उघडत नाही. साफसफाई, नवी पेस्ट, रीसेट हे सगळं एका दमात उरकलं की आवाज बहुधा थांबतो. पण तो कशामुळे येत होता, हे कळायची वाटही त्याच दमात बंद होते. महिन्याभरानं तोच लॅपटॉप तीच तक्रार घेऊन परत आला, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून लॅपटॉप आहे त्या अवस्थेत चालू करायचा, वीसेक मिनिटं तसाच चालू द्यायचा, आणि जाळीतून बाहेर येणाऱ्या वाऱ्यावर हात धरायचा. शेजारी स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ठेवायचा. हात आणि तो आकडा मिळून जे सांगतात, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

वारा गरम आणि जोरदार असेल, तर कूलिंग चोख आहे; आत कुणीतरी प्रोसेसरला विनाकारण राबवतंय. वारा गरम पण जेमतेम असेल आणि मशीनचं बूड चटके देत असेल, तर हवेची वाट बुजली आहे. वारा गार आणि प्रोसेसर मात्र नव्वदीत, असं असेल तर उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही. आणि वारा गार, प्रोसेसरही गार, तरी पंखा पूर्ण वेगात, असं असेल तर पंख्याला हुकूमच चुकीचा मिळतोय. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. बाहेरून ऐकणाऱ्याला मात्र चारही वेळा एकच आवाज येतो.

पंखा स्वतः काही ठरवत नाही. लॅपटॉपच्या बोर्डावर कंट्रोलरची एक वेगळी छोटी चिप असते. ती तापमान वाचते आणि पंख्याला किती वेगानं फिरायचं ते सांगते. पंखा किती फेरे घेतोय, याची खबर एका तारेवरून तिच्याकडे परत येते. वेग दुप्पट केला की हवा साधारण दुप्पट जाते, पण आवाज जवळजवळ १५ डेसिबलनं चढतो. म्हणजे कानाला तो अडीच-तीन पट मोठा वाटतो. म्हणून आत थोडंसं बिघडलं तरी बाहेर फार ऐकू येतं. लोकांना त्याचा त्रास होतो हे मला समजतं. पण तो आवाज ऐकूनच ते वेळेवर येतात, हेही तितकंच खरं.

शाळेत शिकवणाऱ्या एका मॅडमचा लॅपटॉप असाच आला होता. ‘दादा, मागच्याच वर्षी साफ करून घेतलाय, तरी दिवसभर चालूच असतो,’ त्या म्हणाल्या. हाताला वारा गरम आणि भरपूर लागला. म्हणजे झाकणाला हात लावायचं कारण नव्हतं. टास्क मॅनेजर उघडला, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात खादाड प्रक्रिया वर आणली. आकडा दिसला तेराच्या आसपास. एवढ्याशा आकड्याकडे माणसं दुर्लक्ष करतात आणि इथंच फसतात. प्रोसेसर आठ थ्रेडचा असेल, तर त्याच्या एका थ्रेडचा वाटा साडेबारा टक्के. म्हणजे ‘१३ टक्के’ याचा अर्थ एक थ्रेड क्षणाचीही उसंत न घेता शंभर टक्के राबतोय. एकाच थ्रेडवर काम असलं की प्रोसेसर त्याला टर्बोचा सगळ्यात वरचा वेग देतो, आणि त्या वेगाला व्होल्टेजही जास्त लागतं. तापायला तेवढं पुरतं.

प्रक्रियेचं नाव होतं स्पूलर सबसिस्टम ॲप, म्हणजे प्रिंटिंगची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा. मी विचारलं, ‘मॅडम, प्रिंटर कुठला आहे?’ ‘शाळेत होता, तो कधीच मोडीत निघाला.’ त्या मोडीत निघालेल्या प्रिंटरकडे पाठवलेली एक प्रश्नपत्रिका रांगेत अडकून बसली होती आणि स्पूलर तिच्यापायी अखंड खटपट करत होता. सेवा थांबवली, स्पूल फोल्डरमधल्या फायली काढल्या, सेवा पुन्हा सुरू केली, जुन्या प्रिंटरचं नाव यादीतून काढून टाकलं. काही मिनिटांत तापमान उतरलं आणि पाठोपाठ पंखाही. कधी स्पूलरच्या जागी अर्धवट अडकलेला अपडेट असतो, कधी फायलींची सूची बनवणारी सेवा, कधी ब्राउझरमधला विसरलेला टॅब. मॅकबुकवर मात्र जपून बघावं लागतं. तिथं ‘कर्नल टास्क’ प्रोसेसर व्यापून बसलेला दिसतो, पण बहुतेक वेळा तो तापण्याचं कारण नसतो. मशीन तापलं म्हणून बाकीच्यांना प्रोसेसर कमी मिळावा, यासाठी सिस्टिमनं केलेली ती तजवीज असते.

बुजलेली वाट कशी असते, ते बघायचं तर टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातला लॅपटॉप उघडावा. आधी तळाचे स्क्रू काढून ते ज्या जागचे त्याच क्रमानं मांडून ठेवायचे, कारण लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डाला इजा होते. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. बॅटरी फुगलेली दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती बदलायची. मग पंखा उचलायचा. बाहेरची जाळी बघावी तर स्वच्छ असते, म्हणून मालकाचा विश्वास बसत नाही. मळ बसतो तो आतल्या बाजूला, पंख्याची पाती आणि तांब्याच्या नळीवरचे पातळ फिन यांच्यामधल्या बोटभर जागेत. तिथं तूस दाबून दाबून नमद्यासारखी पट्टी तयार होते. चिमट्यानं एक कोपरा धरून ओढली की अख्खी पट्टी सलग निघते. करड्या रंगाची, आणि उजेडात धरली तर मध्ये टॉवेलांच्या काठाचे लाल-निळे धागे दिसतात. हीच पट्टी बाहेरून ब्लोअर मारून काढायला गेलं तर ती उलटी पंख्याच्या पात्यांवर जाऊन पडते. शिवाय हवेच्या झोतानं पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. म्हणून पातं बोटानं धरून ठेवायचं आणि मगच हवा मारायची.

तिसरं दुखणं फसवं असतं, कारण उघडून बघितलं तरी आतलं सगळं स्वच्छ दिसतं. प्रोसेसरचा आणि हीटसिंकचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत वाटला, तरी दोन्हींवर बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत हवा अडकते. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता वाहून नेण्यात सुमारे पंधरा हजार पट मंद आहे. त्या खाचा भरण्यासाठी पेस्ट लावलेली असते. वर्षानुवर्षं तापून-निवून ती सुकते किंवा कडेला सरकते. हे ओळखायची खूण तापमानाच्या चढण्यात आहे. फिन बुजलेले असतील, तर काम दिल्यावर तापमान काही मिनिटांत सावकाश चढतं आणि काम थांबवल्यावर सावकाशच उतरतं. पेस्ट गेलेली असेल, तर ५० वरून ९५ वर दोन-तीन सेकंदांत उडी मारतं आणि काम थांबताच तसंच खाली कोसळतं, कारण उष्णता चिपमध्येच कोंडलेली असते. बहुतेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसरची हद्द १०० अंशांच्या आसपास असते. तिथं टेकला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो, आणि मालक म्हणतो, ‘मशीन स्लो झालंय.’

पेस्ट ठीक असेल तर संशय नळीवर येतो. ती भरीव तांब्याची नसते. आत निर्वात पोकळीत थोडंसं पाणी असतं आणि भिंतीला सच्छिद्र अस्तर असतं. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, गार टोकाला ती पुन्हा पाणी होऊन अस्तरातून परत येते. १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ज्या नळीवर काम केलं, तिचंच तत्त्व आज पंख्याच्या बहुतेक लॅपटॉपच्या पोटात आहे. तिची परीक्षा सोपी आहे. सुटी केलेली नळी हातात धरून एक टोक गरम पाण्यात बुडवायचं. चांगली असेल तर दुसरं टोक काही सेकंदांत तापतं. नसेल, तर कुठं बारीकशी चीर जाऊन आतला निर्वात संपलेला असतो, आणि मग हीटसिंक बदलण्यावाचून इलाज नसतो.

चौथ्या प्रकारात लॅपटॉप थंड असतो, तरी बटण दाबल्या दाबल्या पंखा सुसाट सुटतो. अशा वेळी बायोसच्या स्क्रीनवर थांबून बघायचं. तिथं विंडोज सुरूच झालेली नसते; तिथंही पंखा पूर्ण वेगात असेल तर दोष विंडोजच्या माथी मारता येत नाही. मात्र बायोसमध्ये प्रोसेसर पुरता विसावत नसल्यामुळे पंखा मध्यम फिरणं स्वाभाविक आहे, हेही ध्यानात ठेवायचं. मग चार्जर काढून, बॅटरी सोडवून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे कंट्रोलर नव्यानं सुरू होतो. तेवढ्यानं भागलं नाही तर आधी कुणी पंखा बदललाय का ते विचारायचं. चार तारांच्या पंख्यातली वेगाचा हुकूम देणारी तार जोडलेली नसेल, तर तो पूर्ण वेगानंच फिरतो. बोर्डावरचा तापमानाचा सेन्सर बिघडला असेल, तर कंट्रोलरही सुरक्षित बाजू धरून पंखा पूर्ण सोडतो.

कधी कधी यातलं काहीच नसतं. पातळ लॅपटॉप, मे महिना, दुकानात एसी नाही, टेबलावर मऊ कापड आणि त्यावर मशीन. खोली २७ ऐवजी ४२ अंशांवर असेल, तर आतलं प्रत्येक तापमान जवळजवळ तेवढ्याच १५ अंशांनी वर असतं. अशा वेळी कापड काढायला सांगायचं आणि मशीन निरोगी आहे असं स्पष्ट सांगायचं. ज्याला फक्त हिशेब आणि पत्रव्यवहार करायचाय, त्याला ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करून दिली तर टर्बो बंद राहतो आणि उन्हाळा शांततेत जातो. पण हे त्याला समजावून, त्याच्या संमतीनं करायचं. पंख्याचा वेग जबरदस्तीनं दाबणारे प्रोग्रॅम मी कुणाच्याही मशीनवर टाकत नाही. त्यानं आवाज जातो आणि उष्णता आतच राहते. तिची किंमत बॅटरी आणि बोर्ड मोजतात.

हाताखालच्या मुलांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: एका वेळी एकच बदल, आणि बदलाच्या आधी व नंतर मोजमाप. बिलाच्या मागे आम्ही चार आकडे लिहून देतो: खोलीचं तापमान, मशीन रिकामं असतानाचं तापमान, पूर्ण ताणावर दहा मिनिटांनंतरचं तापमान आणि तेव्हाचे पंख्याचे फेरे. खोलीचा आकडा नसेल, तर बाकीच्या तिन्हींवरून काही ताडता येत नाही. आवाज थांबला हे गिऱ्हाइकाला कानानं कळतं. दुरुस्ती झाली हे या आकड्यांवरून कळतं. पुढच्या वेळी तो लॅपटॉप माझ्याकडे येवो किंवा पुण्याला शिकायला गेलेल्या मुलासोबत तिथल्या कुणाकडे जावो, ज्याच्या हाती पडेल त्याला अंदाजानं काम करावं लागू नये.